आयबीएस, सकाळची घाई आणि श्वासाचा सराव

तपासण्या नॉर्मल, डॉक्टरांनी आयबीएस (आतड्यात दोष न दिसता पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होणारा आजार) सांगितलंय, शिरोली एमआयडीसीची सकाळची शिफ्ट गाठायची तर निघण्याआधी तीन-चारदा संडासला जावं लागतं आणि प्राणायाम केला की गरगरतं, असं तुम्ही लिहिलंय.

हे मनाचे खेळ नाहीत. जाग आल्यावर, चहा पोटात गेल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल सगळ्यांचीच वाढते. त्यात बस चुकायची धास्ती पडली की ती आणखी वाढते आणि आयबीएसमध्ये साधा गॅससुद्धा कळेसारखा जाणवतो.

गरगरतं ते बहुतेक श्वास जोरात आणि भराभर घेतल्यामुळे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. कपालभाती सध्या बाजूला ठेवा. कमरेचा पट्टा किंवा नाडी सैल करून, गुडघे वाकवून उताणे झोपा. एक हात छातीवर, दुसरा बेंबीवर. नाकाने 4 सेकंद श्वास घ्या, 6 सेकंद सावकाश सोडा. बेंबीवरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळपास स्थिर. छाती गच्च भरू नका, श्वास रोखू नका. जड जात असेल तर 3 आणि 4 सेकंदांनी सुरुवात करा. एका वेळी 10 मिनिटं, दिवसातून दोनदा.

बहुतेकांचं चुकतं ते इथं: कळ आली की मगच श्वास आठवतो. तेव्हा तो नव्याने शिकता येत नाही. संध्याकाळी आणि रात्री, पोट शांत असताना काही आठवडे सराव झाला, की बसच्या सीटवरही जमतो.

दुसरी सवय मोडायची ती 'निघताना एकदा जाऊन येतो' ही. अशाने थोड्याशा मळालाही गुदाशय इशारा द्यायला लागतं. पाऊण तास लवकर उठा, चहा घ्या, एकदाच जा. 10 मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, कुंथू नका, मोबाईल बाहेर ठेवा. पुन्हा जावंसं वाटलं तर 5 मिनिटं श्वास करून मग ठरवा. पुढच्या आठवड्यात 10 मिनिटं थांबा.

खाण्यातले बदल याच काळात सुरू करू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. नंतर दोन आठवडे दूध बंद करून बघा, कोल्हापूरच्या गंगावेशीतलं धारोष्णसुद्धा. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणाऱ्यांना तेवढ्यानेच फरक पडतो. तांबडा रस्सा सोडायलाच हवा असं नाही, पण शिफ्टच्या आदल्या रात्री नको. कांदा, लसूण आणि तिखट तिन्ही त्यात एकदम येतात.

शौचात रक्त, वजन घटणं, ताप, ॲनिमिया किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर सराव करत थांबू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला सूज येणारे, आयबीएसपेक्षा वेगळे आजार) असणाऱ्यांनी ताण कमी झाला म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत.

दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला तर आयबीएससाठीच्या संमोहन उपचाराबद्दल डॉक्टरांना विचारा. पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल यांनी 1984 मध्ये मँचेस्टरला त्याची चाचणी केली होती. औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांनाही त्यात फायदा झाला होता.