टीव्हीच्या मागे एलईडी पट्टी लावली तर डोळ्यांवरचा ताण खरंच कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय की टीव्ही 43 इंची आहे, मागची भिंत फिकट हिरवी, रात्री दिवे घालवून दोन-तीन तास बघता आणि मग डोळे जड होऊन भुवयांच्या वर ठणकायला लागतं. मागे पट्टी लावून फरक पडेल का? पडेल. पण तो कशामुळे पडतो हे आधी कळलं, तर दुकानातली निम्मी पाकिटं तुम्ही हातातही घेणार नाही.

मी घरून सबटायटलचं काम करतो, तेही बहुतेक रात्री. डोंबिवलीत वन बीएचके, हॉलच्या कोपऱ्यात माझं टेबल आणि चार हातांवर दिवाणावर वडील झोपलेले. ट्यूबलाइट लावायची सोयच नाही. काळोख्या खोलीत 24 इंची मॉनिटर, अशी दोन वर्षं काढली. पहाटे डोळे मिटले तरी ती चौकट दिसत राहायची.

दोष एकट्या स्क्रीनचा नसतो, तिच्याभोवतीच्या काळोखाचाही असतो. डोळ्याची बाहुली लख्ख उजेडात 2 मिलिमीटरपर्यंत आक्रसते आणि अंधारात 7-8 पर्यंत उघडते. खोलीत अंधार असला की नजरेतला बहुतेक भाग काळा, म्हणून बाहुली बऱ्यापैकी उघडी राहते. अशात रात्रीच्या प्रसंगावरून एकदम साबणाची पांढरीशुभ्र जाहिरात आली की डोळे दिपतात. पुन्हा अंधार, पुन्हा उजेड, हा खेळ तीन तास चालतो. भिंतीवर मंद उजेड असला तर बाहुली मुळातच थोडी लहान राहते आणि हे हेलकावे कमी होतात. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्यांना तर हा फरक जास्तच जाणवतो, कारण त्यांच्या डोळ्यात उजेड जास्त विखुरतो.

‘अंधारात टीव्ही बघू नकोस, डोळे जातील’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. डोळे जात नाहीत, थकतात. पण डबा टीव्हीच्या काळात झिरोचा बल्ब लावून ठेवणाऱ्यांचं चुकत नव्हतं. फक्त तो समोरच्या भिंतीवर असला की काचेत चमकायचा. उजेड स्क्रीनच्या मागून आला की तो प्रश्नच राहत नाही.

आता उजेड किती हवा? इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. चित्रपट-मालिकांचे रंग ठरवणारी मंडळी ज्या खोलीत बसतात, तिथे मॉनिटरमागची भिंत स्क्रीनवरच्या पूर्ण पांढऱ्याच्या साधारण 10 टक्के उजळ ठेवतात. म्हणजे पांढरा 100 निट (निट हे उजळपणा मोजायचं एकक) असेल तर भिंत 10 निट. हे मोजायला यंत्र लागत नाही. कुठल्याही चित्र काढायच्या ॲपमध्ये लाल, हिरवा, निळा तिन्ही 90-90-90 ठेवून एक राखाडी चित्र बनवा आणि ते स्क्रीनभर उघडा. 255 पैकी 90 म्हणजे प्रत्यक्ष उजेडात जवळजवळ 10 टक्के, कारण स्क्रीनचा उजेड आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. आता नेहमीच्या जागेवर बसून डोळे किलकिले करा. भिंत आणि तो राखाडी रंग सारखेच उजळ दिसले पाहिजेत. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा ‘एवढंच?’ असं वाटेल. हो, एवढंच. भिंत त्याहून फार उजळ असेल तर तुम्ही डोळ्यांसमोर दुसरा दिवा आणून ठेवलाय.

माझी पहिली पट्टी सोळा रंगांची होती, रिमोटसकट. आईने विचारलं, गणपती अजून लांब आहेत, आरास आत्ताच कशाला? पांढरा रंग निवडला तर तो लाल-हिरवा-निळा मिसळून झालेला, जांभळट. जुलैच्या दमट हवेत टेपने हात सोडले आणि एका रात्री अख्खी पट्टी टेबलामागे लोंबकळली. दुसऱ्या खेपेला साधी पांढरी घेतली, 6500 केल्विनची (केल्विनचा आकडा पांढऱ्याची छटा सांगतो: कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर). टीव्ही-मॉनिटरवरचा पांढरा साधारण याच छटेचा धरलेला असतो. आपल्याकडे ‘कूल डेलाइट’ म्हणून मिळणारी ट्यूबही याच जातीची. पिवळ्या उजेडाने डोळ्यांचं काही बिघडत नाही, फक्त चित्र निळसर वाटायला लागतं. तुमच्या हिरव्या भिंतीचंही तेच: उजेड हिरवट परतेल आणि चित्रात लालसर झाक भासेल. रंगांचं काम करत नसाल तर भिंत रंगवायला काढू नका.

चित्राबरोबर रंग बदलणारे दिवे, म्हणजे फिलिप्सने 2004 मध्ये अँबिलाइट नावाने आणलेला प्रकार, मॅच बघताना झकास वाटतात. पण आपल्याला भिंत स्थिर हवी आहे आणि तिथे तर तीच नाचते.

43 इंची टीव्ही साधारण 95 बाय 54 सेंटिमीटर. वरची आणि दोन्ही बाजूंची कड धरली तर दोन मीटर पट्टी पुरते. कडेपासून चार-पाच सेंटिमीटर आत चिकटवा, म्हणजे बसल्या जागेवरून दिवे दिसणार नाहीत. चिकटवण्याआधी टीव्हीची पाठ पुसून कोरडी करा. टीव्हीच्या यूएसबी 2.0 पोर्टवर हक्काचे फक्त 500 मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. पट्टी त्याहून जास्त ओढत असेल तर मोबाइलचा जुना चार्जर वापरा. स्वस्त डिमर दिवा मंद करत नाहीत, भराभर चालू-बंद करतात. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पट्टी लुकलुकताना दिसली तर डिमर काढा आणि एकाआड एक दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा. माझी आजही तशीच आहे.

एक बोनस म्हणजे मागे उजेड असला की स्क्रीनवरचा काळा जास्त काळा वाटतो. माझ्या मॉनिटरचा राखुंडी काळा त्यातच झाकला गेला.

डोळे चुरचुरत असतील, कोरडे वाटत असतील, तर मात्र पट्टीवर भिस्त ठेवू नका. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, त्यात पंखा तोंडावर. पट्टी घ्यायच्या आधी आज रात्री टीव्हीचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा, दुकानासाठीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा, आणि स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून दार अर्धं उघडं ठेवा. दोन-तीन रात्रींत ठणका उतरला तर पट्टीचाही उपयोग होईल असं समजा. तरीही नाहीच उतरला, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या. माझा पाऊण नंबर वाढलेला निघाला होता आणि मी वर्षभर मॉनिटरला शिव्या घालत होतो.