तिकिटांची पेटी : बोटीवरचे मामू, आजीचा आक्षेप आणि नऊ पैची त्रिमूर्ती

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की माझ्याकडे जगभरच्या देवाधर्माच्या पोस्टाच्या तिकिटांचा एक वेगळा अल्बम आहे, आणि मग महिनाभर प्रश्नांची नुसती रांग लागली. बरेचसे व्हॉट्सॲपवर आले, दोन चक्क पोस्टकार्डावर (पोस्टकार्डवाल्यांना माझ्याकडून चहा लागू). सगळे घेता येणार नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

माझे मामू बोटीवर होते आणि मोठे चाचा कुवेतला. त्यांच्या पत्रांवरची तिकिटं कापून दादांनी बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली. काबा, मशिदी, येशू-मेरीची पण आहेत. डबा माळ्यावर होता, आता उघडला तर निम्मी एकमेकांना चिकटलीत, काहींवर तांबूस ठिपके पडलेत. काही करता येईल का? (दाभोळ)

पहिलं म्हणजे ओढू नका. नखाने तर अजिबात नको. पसरट ताटात साधं नळाचं पाणी घ्या, गरम नको, आणि तो अख्खा गठ्ठा तसाच सोडा. पंधरा-वीस मिनिटांत डिंक सुटतो आणि तिकीट आपोआप कागदावरून सरकतं. नाही सरकलं तर अजून थांबा, घाई कसली आहे, इतकी वर्षं डब्यातच होती ना. रंगीत पाकिटाचे तुकडे असतील तर ते वेगळ्या ताटात, कारण त्या कागदाचा रंग सुटतो आणि मग काबा गुलाबी होतो, माझा झालेला आहे. सुटलेली तिकिटं टीपकागदावर किंवा स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर चित्राची बाजू खाली करून ठेवायची, वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. पूर्ण सुकली की रात्रभर जाड पुस्तकाखाली, म्हणजे वाकडी होणार नाहीत.

तांबूस ठिपके म्हणजे बुरशी. ते जात नाहीत. ब्लीच, लिंबू, टूथपेस्ट असले सगळे उपाय मी ऐकलेत आणि त्यातले दोन करूनही बघितलेत, तिकीट मेलं. ठिपकेवाली बाजूला काढा, चांगल्यांच्या शेजारी ठेवलीत तर त्यांनाही लागतं.

आता तुमच्या येशू-मेरीबद्दल. त्यांच्यावर अजमान, फुजैरा असं काही छापलंय का बघा. ही आखातातली छोटी संस्थानं, 1971 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत गेली, पण त्याआधी काही वर्षं तिकडच्या नावाने बाहेरच्या एजंटांनी तिकिटांचा नुसता कारखाना उघडला होता, युरोपातली येशू-मेरीची पेंटिंग्ज, रॉकेटं, फुलपाखरं, जे खपेल ते. गंमत अशी की बऱ्याच तिकिटांवर शिक्का मारलेला असतो आणि मागे डिंक जसाच्या तसा. म्हणजे ते पत्रावर कधी लागलंच नाही, छापखान्यातच शिक्का मारून गठ्ठ्याने विकलं. त्यामुळे पाण्यात टाकायच्या आधी मागची बाजू बघा. डिंक शाबूत असेल तर ते मामूंच्या पत्रावरचं नाही, कुठल्यातरी बंदरात दुकानातून घेतलेलं असणार.

आणि हात जोडून सांगतो, घरात अजून अख्खी पाकिटं सापडली तर त्यांची तिकिटं कापू नका. सुटा काबा खूप जणांकडे असतो. पण पुढे कुवेतचा शिक्का, मागे दाभोळ पोस्टाचा पोचल्याचा शिक्का, मधे चाचांचं अक्षर, असं पाकीट फक्त तुमच्याकडे आहे.

साठवणीचं सांगून टाकतो, कारण हा प्रश्न गुहागर, देवगड, मालवण सगळीकडून आलाय. आपल्याकडे मिरगापासून ओल भिंतीतून येते. अल्बम भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, एकावर एक आडवे रचायचे नाहीत, पुस्तकासारखे उभे ठेवायचे. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून डब्यात टाका. स्वस्तातले चिकट प्लॅस्टिकचे फोटो अल्बम नकोत, शाई त्यांना चिकटते. भर पावसात अल्बम उघडून बसायचा मोह आवरा, मग दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पानं उलगडून पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, रंग उडतो. आणि कसर लागलीय का तेही तेव्हाच बघून घ्या.

अमेरिकेने गणपती, लक्ष्मी, साईबाबांची तिकिटं काढली असा मेसेज फोटोसकट फिरतोय. खरं आहे का? कुठे मिळतील? (चिपळूण, खेड, आणि माझ्या स्वतःच्या मेव्हण्याकडून दोनदा)

फोटो खोटा असेलच असं नाही, त्याखालचं वाक्य चुकीचं आहे. तिकडे मध्यंतरी अशी सोय होती की खाजगी कंपन्या तुम्ही दिलेल्या फोटोचं चालू शकणारं तिकीट छापून द्यायच्या. कुत्रा, नातू, गणपती, काहीही. चित्राशेजारी बारकोड दिसला की समजायचं हा तो प्रकार. त्याला अमेरिकन सरकारने काढलेलं तिकीट म्हणत नाहीत. आपल्याकडेही 2011 पासून माय स्टॅम्प आहे, 300 रुपयांत 12 तिकिटांचं शीट, खरं तिकीट एका बाजूला आणि तुमचा फोटो त्याला जोडून. म्हणून उद्या कोणी आमच्या सोसायटीच्या चेअरमनवर भारत सरकारने तिकीट काढलं असं म्हणायला लागला तर हसू नका, पण विश्वासही ठेवू नका.

अमेरिकेच्या पोस्टखात्याने अधिकृत काढलं ते दिवाळीचं, 2016 साली. सोनेरी पार्श्वभूमीवर पेटलेली पणती, खाली गुलाबाच्या पाकळ्या. त्याआधी 1996 ला हनुक्का (ज्यूंचा दिव्यांचा सण) आणि 2001 ला ईदचं काढलं होतं. तिकडच्या भारतीयांनी दिवाळीसाठी बरीच वर्षं अर्ज-विनंत्या केल्या तेव्हा कुठे पणती पेटली. ह्याच पणतीचा मी खून केलाय. भाच्याने त्या वर्षी भेटकार्डाच्या पाकिटावर मुद्दाम लावून पाठवलं होतं, आणि मी शहाण्यासारखं रात्रभर पाण्यात टाकलं. ही आजकालची स्टिकरवाली तिकिटं, डिंक पाण्यात विरघळतच नाही. सकाळी मी जरा ओढलं, तर मागचा कागद सोलून आला आणि उजेडात धरलं तर पणतीच्या आरपार बोट दिसतं. तेव्हा स्टिकरवालं असेल तर भोवती थोडा कागद ठेवून सरळ कापून घ्या, तसंच अल्बममध्ये लावा.

गणपतीच हवा असेल तर थायलंडने 2009 मध्ये हिंदू देवतांचा सेट काढला त्यात आहे. नेपाळचं पशुपतिनाथाचं तिकीट तर 1907 चं, आणि ते छापलं लंडनला! मेसेज तपासायचा असेल तर जागतिक टपाल संघटनेची 2002 पासूनच्या तिकिटांची नंबरवार यादी ऑनलाइन फुकट बघता येते. सगळे देश तिच्यात नाहीत, पण त्यात सापडलं तर ते अस्सल.

आजी ओरडते, "पोस्टवाल्यान देवाच्या तोंडार शिक्को मारल्यान आणि तू ता जपून ठेवतंस?" तिला काय उत्तर देऊ? (कुडाळ)

काही देऊ नका, आजीचं बरोबर आहे. मीसुद्धा पत्र टाकताना संताचं तिकीट असेल तर खिडकीवर हळूच म्हणतो, जरा कोपऱ्यावर मारा. कधी ऐकतात, कधी असा दणका देतात की संत कोणते ते विचारावं लागतं. पण शिक्का मारला नाही तर तेच तिकीट कोणीतरी परत वापरेल म्हणून तो मारावा लागतो, तो देवावर नाही, किमतीवर मारलेला असतो, एवढं सांगून बघा.

आणि आजीसाठी एक वेगळं पान करा, फक्त कोरी तिकिटं. नामदेव 1970, ज्ञानेश्वर 1997, गाडगेबाबा 1998, तुकाराम 2002, शिर्डीचे साईबाबा 2008. महाग नाहीत, डीलरकडे सहज मिळतात. 1956 ला बुद्ध जयंतीची दोन काढली होती तीही घ्या. त्यांच्यावर बुद्धाची मूर्ती नाहीच, बोधिवृक्ष आहे. तिथे कितीही शिक्के बसू देत.

वडिलांच्या पेटीत घारापुरीच्या त्रिमूर्तीचं जुनं तिकीट सापडलं, 9 पै लिहिलंय. ऑनलाइन एक जण असलंच दोन लाखांना विकतोय. (उरण)

विकतोय म्हणजे किंमत लावून बसलाय. घेतलं कोणी? 15 ऑगस्ट 1949 ला स्वतंत्र भारताची नेहमीच्या वापराची 16 तिकिटांची माळ निघाली, तीन पैपासून पंधरा रुपयांपर्यंत. त्यात अजिंठा, नटराज, सांची, बोधगया, विजापूरचा गोलघुमट, अमृतसरचं सुवर्णमंदिर, पालिताण्याचं जैन मंदिर. इतके धर्म एका सेटमध्ये, त्यामुळे माझ्या अल्बमचं पहिलं पान तेच आहे. तुमच्या उरणसमोरची त्रिमूर्ती त्यात नऊ पैची, म्हणजे एका आण्यालाही तीन पै कमी. घरोघरच्या पत्रांवर लागलेलं तिकीट ते, वापरलेलं असेल तर वडापावच्या आसपास भाव समजा.

त्याच सेटमधलं एक आण्याचं बोधिसत्त्व मात्र पेटीत शोधा. छापताना मूर्ती आरशातल्यासारखी उलटी आली, 1950 मध्ये सुलटी करून परत छापली. लाखाची तीही नाहीत, पण उलटा-सुलटा दोन्ही शेजारी लावले की घरी आलेला प्रत्येक पाहुणा पाच मिनिटं तिथे अडकतो.

इस्रायलमधल्या नातेवाईकांच्या पत्रांवरच्या तिकिटांना खाली कागदाची एक पट्टी जोडलेली असते, ती फाडून टाकायची ना? (अलिबाग)

अहो नाही! ती पट्टी म्हणजे टॅब, इस्रायलच्या तिकिटाची शेपटी, त्यावर बऱ्याचदा बायबलमधलं वचन असतं. सुरुवातीच्या, म्हणजे 1948 च्या तिकिटांना टॅब असेल तर किंमत कितीतरी पट. तुम्ही इस्रायल आळीच्या, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंच्या जुन्या वस्तीच्या, आसपासचे असाल तर तुमच्या शेजाऱ्यांकडे ह्याहून जुनी पाकिटं असतील, आधी तिकडे चहाला जा. जोडीला दोन तिकिटं नक्की घ्या, 1968 चं कोचीनच्या सिनेगॉगचं (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि भारत-इस्रायलने 2012 ला मिळून काढलेलं दिवाळी-हनुक्का.

पोप नसताना व्हॅटिकन वेगळी तिकिटं काढतं म्हणे? (वसई)

हो. एक पोप गेला आणि दुसरा निवडून आला नाही त्या मधल्या दिवसांपुरती. सेदे वाकान्ते लिहिलेलं असतं, म्हणजे गादी रिकामी. नवे पोप निवडले गेले की ती पत्रावर चालत नाहीत, त्यामुळे खरोखर पोस्टातून गेलेलं पाकीट मिळालं तर सोडू नका. 1939 ला घाईत जुन्याच तिकिटांवर ती अक्षरं छापली होती. व्हॅटिकनची स्वतःची तिकिटंच मुळात 1929 पासूनची.

गोव्याकडच्या जुन्या पत्रावर सेंट झेवियरची पोर्तुगीज तिकिटं आहेत. (वेंगुर्ला)

1931 चा सेट असणार, झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वेळचा. 1952 ला पण काढली होती. पत्रासकट ठेवा, वर दाभोळवाल्यांना सांगितलं तेच.

मुलगी सातवीत आहे, तिला हा नाद लावायचाय. सुरुवात कुठून? (देवरुख)

नाद लावू नका, डबा समोर ठेवा, लागायचा तर लागेल. मोठ्या पोस्टात फिलाटेली डिपॉझिट अकाउंट, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांचं खातं, काढा, निदान 200 रुपये भरायचे, नवी तिकिटं घरी येतात. सहावी ते नववीच्या मुलांना स्पर्श नावाची स्कॉलरशिप आहे, वर्षाला 6000 रुपये. त्यासाठी क्विझ आणि प्रोजेक्ट असतं. 'जगातली 500 तिकिटं' वाली पाकिटं घेऊ नका, त्यात वर सांगितलेला छापखान्यातच शिक्का मारलेला माल निघतो. त्यापेक्षा आळीत फिरू दे तिला, कोणाचा आजा आफ्रिकेला होता, कोणाची आत्या दुबईला, कोण बोटीवर. दहा घरं मागितली तर तीन धर्म आणि सात देश निघतील.

खर्च फक्त एक स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही) आणि एक चिमटा. चिमटा तिकिटांचाच घ्या, चपट्या गोल टोकाचा. बाथरूममधला भुवयांचा नको, त्याने तिकिटाला भोक पडतं, आणि मग तो परत जागेवर नसला की आई ओरडते ते वेगळंच.