सोलापूरहून न्यूझीलंड: सरकारी इमारतींच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं निघण्याआधी काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात चौदा वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन केलंय, त्यातलं बरंचसं सार्वजनिक बांधकाम विभागाचं, म्हणजे ग्रामीण रुग्णालयं, शाळा, तहसील कार्यालयं. आता न्यूझीलंडला जायचंय. सीनियर म्हणूनच सरकारी इमारतींवर काम मिळेल का, आणि निघण्याआधी काय करून ठेवायचं?

व्हिसाची वाट स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्यातल्या त्यात सोपी आहे. अवघड आहे ती डिझाइनवर सही करण्याची पात्रता, आणि तुमचं सीनियरपण तिथं त्या सहीवरच मोजलं जातं.

आधी हे डोक्यातून काढा की सरकारी इमारतींचं काम करायला सरकारी खात्यात नोकरी लागते. तिथलं मिनिस्ट्री ऑफ वर्क्स १९८८ मध्येच बरखास्त झालं. त्याची सल्लागार शाखा १९९६ मध्ये विकली गेली, पुढं ती ओपस झाली आणि २०१७ मध्ये डब्ल्यूएसपीनं घेतली. आज शाळा शिक्षण मंत्रालयाच्या, रुग्णालयं हेल्थ न्यूझीलंडची, पण डिझाइन सगळं खासगी कन्सल्टन्सीत होतं. अर्ज तिथंच करायचे: बेका, होम्स, ऑरिकॉन, डब्ल्यूएसपी आणि गावोगावच्या पंधरा-वीस माणसांच्या फर्म. डीएसआर (दरसूची), एमबी (मोजमाप पुस्तक), तांत्रिक मान्यता, रनिंग बिलं यांतला तुमचा हातखंडा सीव्हीत एका ओळीत उरकून टाका. तो अनुभव तिथं कुणी विचारत नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअर हा व्यवसाय ग्रीन लिस्टच्या, म्हणजे न्यूझीलंडला हव्या असलेल्या व्यवसायांच्या यादीच्या, पहिल्या गटात आहे. मान्यताप्राप्त एम्प्लॉयरची नोकरी, वय ५५ किंवा त्याहून कमी, आयईएलटीएसला ६.५ आणि पदवीचा पुरावा एवढं जमलं की थेट रेसिडेन्सचा (कायम राहण्याचा) अर्ज करता येतो. नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात इमिग्रेशनची साइट पुन्हा वाचा. एजंटचं पत्रक त्यासाठी पुरेसं नाही.

लोक अडकतात ते पदवीपाशी. इंजिनिअरिंगच्या पदव्या देशांनी एकमेकांच्या मानायच्या असा वॉशिंग्टन करार आहे. भारत त्यात पूर्ण सदस्य झाला जून २०१४ मध्ये, आणि त्यातही फक्त एनबीए या आपल्या मान्यता मंडळाच्या टियर-१ मान्यतेचे अभ्यासक्रम धरले जातात. तुमची बीई त्याआधीची आहे, म्हणजे कराराचा फायदा नाही. मग इंजिनिअरिंग न्यूझीलंड या तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेकडून नॉलेज असेसमेंट करून घ्यावं लागतं: विषयवार ट्रान्स्क्रिप्ट, अभ्यासक्रमाची माहिती, आणि पदवीतली कसर कामातून कशी भरून निघाली याचं लेखी विवेचन. सोलापूर विद्यापीठ २००४ चं. तुमच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठाचं नाव असेल तर कागद कोल्हापूरहून काढावे लागतील. हे काम सर्वांत आधी सुरू करा, कारण ते तुमच्या हातात नाही, परीक्षा विभागाच्या हातात आहे.

आता सही. तिथं डिझाइन बिल्डिंग कोडच्या बी१ या स्ट्रक्चरच्या कलमात बसतं असं सांगणारं पीएस१ हे प्रोड्युसर स्टेटमेंट चार्टर्ड प्रोफेशनल इंजिनिअर देतो. दुसऱ्या फर्मनं तपासलं की पीएस२, बांधकामावर देखरेख ठेवली की पीएस४. कौन्सिल, म्हणजे स्थानिक संस्था, ते पाहून कन्सेंट (बांधकाम परवानगी) देते. चार्टर्ड नसलेला माणूस कितीही अनुभवी असो, त्याच्या कामावर सही दुसऱ्याची, त्यामुळे बहुतेकांना सुरुवात इंटरमीजिएट म्हणूनच करावी लागते. यात कमीपणा मानू नका, पण पगाराची बोलणी करताना चार्टर्ड झाल्यावर पद आणि वेतन काय होईल हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. चार्टरशिपच्या मूल्यांकनाला कामाचे नमुने, रेफरी आणि मुलाखत लागते. प्रत्येक नमुन्यात तुम्ही स्वतः काय ठरवलं, कोणता पर्याय नाकारला आणि का, हे हवं. 'आम्ही जी प्लस ४ रुग्णालयाचं डिझाइन केलं' या वाक्याला शून्य किंमत.

तांत्रिक फरक किती आहे ते आकड्यांत बघा. आपल्या भूकंपाच्या कोडच्या, आयएस १८९३ च्या, २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर झोन ३ मध्ये, झेड (त्या भागाचा भूकंप गुणक) ०.१६. त्याचा आपण निम्मा घेतो, ०.०८. रुग्णालय म्हणून आय (इमारतीच्या महत्त्वाचा गुणक) १.५ लावला की ०.१२, आणि लोड फॅक्टर १.५ धरला तर ०.१८. त्यांच्या भूकंपाच्या कोडमध्ये, एनझेडएस ११७०.५ मध्ये, वेलिंग्टनचा झेड ०.४०, निम्मा करायचा नाही. आपत्तीनंतर चालू राहायलाच हवं असं रुग्णालय इम्पॉर्टन्स लेव्हल ४ मध्ये येतं, २५०० वर्षांतून एकदा अपेक्षित असा भूकंप, गुणक १.८. गुणाकार ०.७२ येतो, पण कोड ०.७० वर थांबू देतो. वर लोड फॅक्टर नाही, भूकंपाच्या कॉम्बिनेशनमध्ये डेड लोडही (इमारतीचं स्वतःचं वजन) गुणकाशिवाय. इमारत न तुटता वाकू शकते म्हणून बल कमी करणाऱ्या गुणकांचा, आपल्या आर आणि त्यांच्या म्यूचा, हिशेब वेगळा आहे, तरी मुळातली मागणी जवळपास चौपट. २५० हून जास्त मुलांची शाळा लेव्हल ३ मध्ये, गुणक १.३.

पहिल्या महिन्यात घोटाळा होतो तो अशा साध्या जागी. आपलं एम२५ म्हणजे १५० मिमीच्या क्यूबची ताकद. त्यांचा एफसी, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा आकडा, सिलिंडरचा, म्हणजे तुमचं एम२५ तिथं साधारण २० मेगापास्कल. आपण काँक्रीटला १.५ आणि स्टीलला १.१५ नं भागतो, ते संपूर्ण सेक्शनच्या ताकदीला फाय हा गुणक लावतात, वाकण्याला ०.८५, शिअरला ०.७५. ड्रिफ्टचं, म्हणजे मजल्याच्या आडव्या सरकण्याचं, तर उलटंच वाटतं: आपल्याकडं ०.४ टक्के, तिथं २.५. पण आपला आकडा कमी केलेल्या बलावरचा आहे, त्यांचा इनइलास्टिक, म्हणजे इमारत लवचीक मर्यादेपलीकडं गेल्यावरच्या, विस्थापनावरचा. हे न कळता ईटॅब्स या सॉफ्टवेअरचा रिझल्ट वाचला तर इमारत ढिली असून पास वाटते.

त्याहून खोल फरक कपॅसिटी डिझाइनचा. आयएस १३९२० या आपल्या डक्टाइल डिटेलिंगच्या कोडमध्ये कॉलम-बीमच्या ताकदीचं १.४ प्रमाण तपासलं की आपण पुढं जातो. तिथं आधी ठरवायचं की प्लास्टिक हिंज, म्हणजे भूकंपात मुद्दाम वाकू द्यायची जागा, कुठं होणार, मग त्या हिंजची ओव्हरस्ट्रेंग्थ (प्रत्यक्षातली जादा ताकद) काढायची (५००ई सळईला १.३५, ३००ई ला १.२५) आणि बाकी सगळं, म्हणजे कॉलम, जॉइंट, डायफ्रॅम (बल वाहून नेणारा स्लॅब), पाया, त्या बलाला डिझाइन करायचं. मुलाखतीत हमखास हेच विचारतात, आणि उत्तर सॉफ्टवेअरशिवाय, कागदावर द्यावं लागतं.

सरकारी इमारतींत नव्यापेक्षा जुन्यांचं काम बरंच निघतं. आपलं स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे रिबाउंड हॅमर, यूपीव्ही (अल्ट्रासॉनिक चाचणी), काँक्रीटचे कोअर, गंजलेल्या सळया. तिथल्या डिटेल्ड सिस्मिक असेसमेंटचा प्रश्न वेगळा: ही इमारत नेमकी कुठून कोसळेल? उत्तर एनबीएस, म्हणजे नव्या इमारतीच्या निकषाच्या, टक्क्यांत, आणि सर्वांत कमकुवत भागाचा आकडा तोच साऱ्या इमारतीचा. ३४ च्या खाली असेल तर इमारत भूकंपात धोकादायक. या असेसमेंटची मार्गदर्शिका स्लामा नावाच्या हातगणितापासून सुरुवात करायला सांगते. आपली मंडळी थेट मॉडेल करायला बसतात आणि प्रीकास्ट स्लॅबची बेअरिंग (स्लॅब बीमवर टेकतो ती रुंदी) मोजायचीच राहून जाते. १४ नोव्हेंबर २०१६ च्या कायकोरा भूकंपात वेलिंग्टनच्या स्टॅटिस्टिक्स हाउसमध्ये तेच दिसलं. इमारत २००५ ची, सरकारी कार्यालयाची. हिंज होताना बीम लांबले, प्रीकास्ट स्लॅबची बेअरिंग सुटली आणि मजल्यांचे भाग खाली आले. मध्यरात्र होती म्हणून आत कुणी नव्हतं. २०१८ मध्ये मार्गदर्शिकेतलं काँक्रीटचं प्रकरण, सी५, सुधारलं गेलं. इंटरनेटवर फुकट आहे, निघण्याआधी तेवढं तरी वाचाच. टक्क्यांची ही पद्धत बदलण्याची घोषणा सरकारनं २०२५ मध्ये केली आहे, आणि नव्या व्यवस्थेतून ऑकलंडसारखे कमी धोक्याचे भाग वगळायचे ठरवलं आहे. त्यामुळे असेसमेंटचं काम हवं असेल तर वेलिंग्टनकडं बघा.

पायाचं थोडक्यात. काळी माती काढून मुरूम किंवा कातळ गाठायची आपली सवय क्राइस्टचर्चला कामी येत नाही. तिथं प्रश्न लिक्विफॅक्शनचा, म्हणजे भूकंपात ओली वाळू पातळ होण्याचा, आणि मातीच्या चाचण्यांत भाषा एसपीटीपेक्षा (ठोकून घेतलेली) सीपीटीची (शंकू दाबून घेतलेली). सगळं किलोन्यूटनमध्ये, टनात बोललात तर समोरचा थांबून बघतो.

सोलापुरात असताना करायचं ते असं. तुमच्याच एखाद्या तीन-चार मजली शाळेची एक फ्रेम वेलिंग्टनमध्ये आहे असं धरून एनझेडएस ३१०१ या त्यांच्या काँक्रीटच्या कोडनं हातानं सोडवा, वीसेक पानांत, ओव्हरस्ट्रेंग्थसकट. मुलाखतीला हीच पानं न्या. छताची फॉल्स सीलिंग, डक्ट, पाण्याच्या टाक्या यांचं भूकंपातलं बांधणंही त्यात दाखवा, कारण लेव्हल ४ च्या रुग्णालयात ते स्ट्रक्चरइतकंच तपासलं जातं आणि आपल्याकडं ते कुणाच्याच स्कोपमध्ये नसतं. कार्यकारी अभियंत्यांकडून अनुभवपत्र घेताना प्रत्येक इमारतीचं क्षेत्रफळ, मजले आणि तुमची जबाबदारी वेगवेगळी लिहून घ्या. ड्रॉइंग विभागाच्या मालकीची असतात, तेव्हा नमुना म्हणून दाखवण्याची लेखी परवानगी त्याच पत्रात मागा. अधिकाऱ्याची बदली झाली की परदेशातून असं पत्र मिळवणं फार जड जातं.