आधी गोष्ट, मग सूचना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. पुराणकथा-लोककथांच्या ऑनलाइन वर्गाला रोज सकाळी सूचना टाकतेस, वर एक सुविचार चिकटवतेस, आणि मुलं नुसता अंगठा दाखवून पुढे जातात. रोज नवं प्रेरणादायी कुठून आणू, म्हणतेस. कुठूनही आणू नकोस! उगवत्या सूर्याखाली छापलेल्या ओळींनी आजवर कुणाचं भलं झालंय? गोष्ट सांग. सात-आठ ओळींची का होईना, पण गोष्ट. वेळ, लिंक, गृहपाठ त्याच्या खाली.

श्रावणात आपल्याकडे वारावाराला कहाणी असतेच की. सोमवारची खुलभर दुधाची घे. राजाने गावातलं सगळं दूध देवळात मागवलं. पोरं-वासरं उपाशी राहिली, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीने आधी घरातल्यांना पाजलं, वासरांना पाजलं, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन गेली. गाभारा भरला. कहाणी सांगणारी बाई अर्थ फोडत बसत नाही. 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' एवढं बजावते आणि कामाला लागते. गोष्टीखाली 'तात्पर्य' लिहिलंस तर माझ्याशी गाठ आहे.

आणि नाशकात राहून विषय सुचत नाहीत? रामकुंडाजवळच्या पायऱ्या चढून कपालेश्वराला जा. शंकराचं देऊळ, आणि समोर नंदीच नाही. सकाळी एवढंच विचार: नंदी कुठे गेला? मग सांग. ब्रह्मदेवाचं मस्तक तोडल्याचं पाप शंकराच्या मागे लागलं होतं. इकडे एक वासरू मालकाला मारून काळं पडलं, रामकुंडात उतरलं आणि पुन्हा पांढरं झालं. शंकर त्याच्या मागोमाग उतरले, मोकळे झाले. ते वासरू म्हणजे नंदी. त्याने वाट दाखवली, म्हणून तो शंकराचा गुरू. मग गुरूला समोर बसवायचं कसं? गोष्ट अशी सांगतात, बाई, आणि ऐकणाऱ्याची झोप उडते.

हनुमानाचा जन्म आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरीचा की हंपीजवळच्या अंजनाद्रीचा, यावर मुलं भांडली म्हणून घाबरलीस. भांडू देत. दोन्ही गोष्टी सांग, कुठली कुठे सांगतात ते लिही. निकाल द्यायला तू कोर्ट नाहीस.

मी शिकवत होतो तेव्हा हजेरीआधी गोष्ट सांगायचो. पोर्शन मागे पडतो म्हणून वरिष्ठ चिडायचे. पडायचा थोडा. मी थांबलो नाही, आज कुणी सांगितलं तरी थांबणार नाही. त्या वर्गातली माणसं अजून रविवार कारंजा चौकात गाठून नंदीचं विचारतात; अपूर्णांकांचं अजून एकाने विचारलेलं नाही. खंत एकच. माझी आत्या जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणायची. ती गेली, तिच्याबरोबर त्याही गेल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या, म्हणून निदान तेवढ्या तरी वाचल्या. तुझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरी कुणीतरी आजी, मावशी, शेजारीण असेलच. गृहपाठ म्हणून निबंध देऊ नकोस. तिच्याकडून एक गोष्ट ऐकून यायला सांग, तिच्याच शब्दांत. पुढच्या आठवड्याच्या सूचना त्यातूनच निघतील, तुझी शोधाशोध वाचेल.

उद्या सोमवार. रात्री जेवणाआधी मजकूर मला पाठव. कमळाचं चित्र दिसलं तर वाचणार नाही.

तुझा,
सर