वाचकांचे प्रश्न : न पाहता घेतलेला बूट पायाला कसा बसावा?

प्रश्न : गेली कित्येक वर्षे मी आठ नंबरचे बूट वापरतो. अलीकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आठ नंबरचेच रोजच्या वापराचे साधे बूट ऑनलाइन मागवले. त्यांतला एक जोड करंगळीला चावतो, तर दुसऱ्यात चालताना टाच वर उचलली जाते. नंबर एकच असताना असे का व्हावे, आणि पुढच्या वेळी काय पाहून बूट मागवावेत?

उत्तर : नंबर आपल्या पायाचा नसतो, बूट ज्या साच्यावर ओढून तयार केला जातो, त्या साच्याचा तो असतो. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो, आणि दोन साच्यांची लांबी तंतोतंत सारखी असली, तरी चवड्याशी असलेली रुंदी, पावलाच्या वरच्या उंचवट्यासाठी सोडलेली जागा आणि टाचेची पकड यांत मोठा फरक असू शकतो. आपला पहिला जोड चवड्याशी अरुंद आणि दुसरा टाचेशी सैल निघाला असावा, असे आपल्या वर्णनावरून वाटते.

त्यात भर म्हणजे मोजण्याच्या पद्धतीही एक नाहीत. ब्रिटिश पद्धतीत एका नंबरावरून पुढच्या नंबरावर जाताना लांबी इंचाच्या एक तृतीयांशाने, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटरने वाढते. युरोपीय पद्धतीत तीच पायरी सुमारे ६.७ मिलिमीटरची असते. वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्यांचे दोन जिने शेजारी ठेवले, तर त्यांच्या पायऱ्या क्वचितच एका रेषेत येतात. म्हणून एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नंबर बदलताना कंपन्या तो आपापल्या सोयीने वर किंवा खाली सरकवतात. अमेरिकी पायरी ब्रिटिश पायरीएवढीच असली, तरी तिथे मोजणीची सुरुवात निराळी असल्यामुळे पुरुषांच्या बुटांचा अमेरिकी आकडा ब्रिटिश आकड्यापेक्षा साधारण अर्ध्या ते एका नंबराने मोठा येतो. तेव्हा नुसते ‘आठ’ म्हणून बूट मागवताना तो आठ कुठल्या पद्धतीचा, हे आधी पाहावे.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पाय सेंटिमीटरमध्ये मोजणे. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. बुटांत जे मोजे घालणार, तेच घालून, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे आणि शरीराचा भार त्याच पायावर ठेवावा. बसून घेतलेले माप जवळजवळ नेहमीच कमी भरते. सर्वांत लांब बोटापुढे खूण करण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे, कारण आपण स्वतः वाकलो की भार बदलतो आणि पेन्सिलही तिरपी होऊन बोटाखाली शिरते. तेवढ्यानेही चार-पाच मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या नंबराची चूक होते. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल, असेही नाही. अनेकांचे दुसरे बोट पुढे असते. दोन्ही पाय मोजून मोठ्या पायाचे माप धरावे.

यापुढचा सापळा मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मापांच्या तक्त्यात दिलेले सेंटिमीटर काही ठिकाणी पायाच्या लांबीचे असतात, तर काही ठिकाणी बुटाच्या आतल्या तळाच्या लांबीचे. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळी जागा लागते. समजा, आपला पाय २६ सेंटिमीटरचा आहे. तक्ता पायाच्या लांबीचा असेल, तर २६ समोरचा नंबर घ्यावा. आतल्या तळाचा असेल, तर २७ च्या आसपासचा. हा खुलासा तक्त्यात नसेल, तर विक्रेत्याला विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर दुसरा बूट पाहावा.

रुंदीसाठी एक सोपी युक्ती आहे. सध्या जो जोड सुखाने वापरता, त्याच्या आतला सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पाऊल कडेबाहेर सांडत नसेल, तर त्या तळाची चवड्याजवळची रुंदी लिहून ठेवावी आणि नवा बूट आला की त्याच्या तळाशी ती ताडून पाहावी. रुंदी कमी पडते म्हणून एक नंबर मोठा घेण्याची आपल्याकडे सर्रास सवय असते. मला ती चुकीची वाटते, कारण त्यामुळे बूट जिथे वाकायला हवा तिथे न वाकता पुढे वाकतो आणि टाच निसटते ती निसटतेच. त्याऐवजी त्याच नंबरात रुंद साच्याचा बूट शोधावा.

प्रश्न : माझे काम दिवसभर उभे राहण्याचे आहे आणि बुटांसाठी फार पैसे खर्च करणे शक्य नाही. प्रत्येक जाहिरातीत ‘मेमरी फोम’, ‘ढगासारखा मऊ’ असे लिहिलेले असते. हाताळून न पाहता बूट खरोखर आरामदायक आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : मऊपणा आणि आराम या दोन गोष्टी एक नव्हेत. मेमरी फोमचा थर पाय घालताच सुखावतो खरा, पण पातळ आणि स्वस्त थर थोड्याच दिवसांत दबून सपाट होतो, आणि त्यानंतर पायाखाली उरतो तो खालचा तळच. म्हणून वर्णन वाचताना मधला आणि बाहेरचा तळ कशाचा आहे, हे आधी शोधावे. ईव्हीए हा फोम हलका आणि धक्के शोषणारा असतो. मात्र रोजच्या भाराने तोही हळूहळू दबत जातो. रबर जड असते, पण झिजायला चिवट असते आणि त्याची पकड चांगली असते. कमी किमतीत ईव्हीएचा मधला तळ आणि खाली, निदान टाच व चवडा यांच्याखाली, रबराचा थर मिळाला, तर आपल्या कामाला ती जोडणी पुरेशी ठरावी.

अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दिलेले अभिप्राय बाजूला ठेवून तीन ताऱ्यांचे अभिप्राय पाहावेत, कारण तिथे माणसे कारण सांगतात. ‘मिळाला, छान आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. दोन-तीन महिन्यांच्या वापरानंतर लिहिलेली एक ओळ आणि झिजलेल्या तळाचे एक छायाचित्र यांतून बरेच कळते.

बूट हातात आला की तो टोकाला आणि टाचेला धरून वाकवावा. तो चवड्यापाशी वाकला तर ठीक. मधोमध दुमडला तर दिवसभर उभे राहणाऱ्या पायाला तो आधार देणार नाही. टाचेभोवतीचा भागही अंगठ्याने दाबून पाहावा. तो सहज चेपता कामा नये. नंतर स्वच्छ फरशीवर, घरातच, संध्याकाळी अर्धा तास वावरावे. बोचणारी जागा पहिल्याच दिवशी बोचते. ‘वापरून सैल होईल’ हा दिलासा कातड्याच्या बाबतीत थोडाफार खरा आहे, कृत्रिम कापडाच्या बाबतीत जवळजवळ नाही. खोका आणि चिठ्ठ्या तोवर जपून ठेवाव्यात. परतीचा खर्च कोणाचा आणि पैसे परत मिळतात की केवळ बदली जोड, हे मागवण्यापूर्वीच वाचावे. परतीचा खर्च आपल्यावर पडला, तर स्वस्त बूट स्वस्त राहत नाही.

प्रश्न : आईच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढले आहे आणि तिला मधुमेहही आहे. तिच्यासाठी ऑनलाइन बूट घ्यावेत का?

उत्तर : केवळ हाडाचा प्रश्न असता, तर पुढून रुंद, त्या जागी शिवण नसलेला आणि ताणला जाणाऱ्या कापडाचा बूट सुचवला असता. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि मग चावणारा बूट चावतो आहे हेच कळत नाही. आधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत आणि पहिला जोड त्यांच्या सल्ल्याने, प्रत्यक्ष घालून पाहूनच घ्यावा.

प्रश्न : सवलतीत दोन जोड घेतले तर बरेच पैसे वाचतात. एक आता वापरून दुसरा ठेवून द्यावा का?

उत्तर : ठेवून देऊ नये. मी स्वतः एक जोड खास प्रसंगांसाठी म्हणून चार-पाच वर्षे खोक्यात जपला होता. ज्या दिवशी तो बाहेर काढला, त्या दिवशी शंभरेक पावलांतच त्याच्या तळाचे ओलसर खडूसारखे तुकडे मागे पडू लागले आणि मला जवळजवळ मोज्यांवर घरी यावे लागले. तो तळ पॉलियुरेथेनचा होता. हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ आतून तुटत जातो, आणि न वापरता बंद खोक्यात ठेवला म्हणून वाचत नाही. दोन जोड घ्यायचेच असतील, तर पहिल्या दिवसापासून ते आलटून पालटून वापरावेत. घामाने ओलावलेला बूट वाळायला मधला एक दिवस मिळतो, दबलेला फोमही थोडा सावरतो.