वाचकांचे प्रश्न : रॅमची महागाई, जुना पेजमेकर आणि उद्यमनगरातली केबल

या महिन्याच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. बातमी वाचून झाली की लगेच प्रश्न येतो, "मग आता नवीन घेऊ का?" चार निवडक प्रश्नांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : एआयमुळे रॅम महागली आणि अजून महागणार असं सगळीकडं वाचतोय. माझा लॅपटॉप बाराव्या पिढीच्या आय-फाइव्हचा आहे, डीडीआर-४ रॅम ८ जीबी. इंटरनेटशिवाय घरच्या घरी एआय मॉडेल चालवून बघायचं आहे. आत्ताच ३२ जीबी घालून घेऊ का?
— विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : बातमी खरी आहे. रॅमच्या चिप बनवणाऱ्या बड्या कंपन्या जगात तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरला लागणारी एचबीएम मेमरी यांच्याच कारखान्यांत तयार होते आणि तिच्यात पैसा जास्त सुटतो. साहजिकच लॅपटॉपच्या रॅमच्या वाट्याला उत्पादन कमी आलं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तरीही ३२ जीबीचे पैसे मोजण्याआधी हिशेब मांडा.

८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे आत तेवढे आकडे साठवलेलं) मॉडेल ४ बिटमध्ये दाबलं की फाइल सुमारे ५ जीबीची होते. संभाषण लांबलं की त्याच्या आठवणीसाठी आणखी १ जीबीच्या आसपास लागते. विंडोज आणि ब्राउझर मिळून ३-४ जीबी आधीच खाऊन बसलेले असतात. म्हणजे ८ जीबीत हे बसत नाही. उरलेला भाग डिस्कवरून वाचला जातो आणि एकेका शब्दासाठी ताटकळावं लागतं. १६ जीबीत मात्र आरामात बसतं.

आता दुसरी गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. मॉडेल शब्दाचा प्रत्येक तुकडा लिहिताना ते सगळे ५ जीबी रॅममधून एकदा वाचून काढतं. म्हणून वेग ठरतो तो प्रोसेसरवर कमी आणि रॅमच्या रुंदीवर जास्त. ३२०० वेगाची एकच कांडी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी वाहतात, म्हणजे जास्तीत जास्त ५ तुकडे. दोन कांड्या असतील तर ५१.२ जीबी, म्हणजे १० तुकडे. प्रत्यक्षात याहून थोडे कमीच पडतील. त्यात मराठी शब्दाचे तुकडे इंग्रजीपेक्षा बरेच जास्त पडतात, त्यामुळं मराठी उत्तर आणखी रेंगाळतं.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली उजवीकडं किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. '२ पैकी १' असेल तर ८ जीबीची दुसरी कांडी घाला : लॅपटॉपची आखूड, डीडीआर-४, ३२००, १.२ व्होल्टची. मेमरी दुप्पट होते आणि रुंदीही दुप्पट होते. ३२ जीबीची एकच कांडी घेतलीत तर जागा भरपूर मिळेल, वेग मात्र आहे तिथंच राहील. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणून पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडून बघा. जुनी कांडी घेत असाल तर दुकानातच न थांबता घरी आणून रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावा. एक जरी चूक दाखवली तरी परत करा.

सुरुवात ओलामानं (घरच्या संगणकावर मॉडेल चालवणारा प्रोग्राम) आणि ४ अब्जच्या मॉडेलनं करा. ते ३ जीबीच्या आत बसतं, तुमच्या आजच्या ८ जीबीतही कसंबसं चालेल. मजकूर आवरून लिहायला, छोटा कोड लिहायला ते ठीक आहे. पन्हाळ्याच्या वेढ्याची तारीख विचारली तर मात्र चुकीचं उत्तर बिनदिक्कत ठोकून देईल.

प्रश्न : आमचा छोटा छापखाना आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. पत्रिका, हँडबिलं अजून पेजमेकर ७ आणि डोंगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणाऱ्या श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. विंडोज १० बंद झालं म्हणून दुरुस्तीवाला म्हणतो भंगारात घाला, मुलगा म्हणतो लिनक्स टाका. ऐकू कुणाचं?
— मुद्रक, मंगळवार पेठ

उत्तर : दोघांचंही नको. विंडोज १० बंद पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला नेहमीचे सुरक्षा अपडेट येणं थांबलं, एवढंच. २२एच२ ही शेवटची आवृत्ती असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये वाढीव मुदतीसाठी नोंदणी करता येते आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर त्याचे पैसे पडत नाहीत.

चौथ्या पिढीवर रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रामनं अटी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, चालतंही. पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी पेनड्राइव्ह करून बसावं लागतं. ऐन लग्नसराईत ही कटकट कशाला? (कोअर टू ड्युओवाल्यांनी तर नादच सोडावा. २४एच२ पासून पॉपकाउंट नावाची सूचना प्रोसेसरला येणं सक्तीचं आहे. ती नसेल तर विंडोज सुरूच होत नाही.) लिनक्स मिंट उत्तम आहे, पण पेजमेकर आणि डोंगल तिथं आणायला गेलात तर आठवडा जाईल आणि हाती काही लागणार नाही. मुलाला घरच्या संगणकावर मिंट टाकू द्या.

आमच्या मते त्या यंत्राची इंटरनेटची तारच काढावी. पेजमेकर २००१ सालचा आहे, त्याला नेट लागत नाही. मेल, व्हॉट्सॲप, गिऱ्हाइकांच्या फाइली यांसाठी वेगळा संगणक ठेवा. पेनड्राइव्ह आधी तिथं तपासा आणि मगच इकडं लावा; ऑटोप्ले दोन्हीकडं बंद ठेवा.

पैसे घालायचेच असतील तर एसएसडीत घाला. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम चालवून ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. सी५ मध्ये शून्याखेरीज काही असेल तर डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर तयार झाले आहेत आणि क्लोन (जुन्या डिस्कची एसएसडीवर हुबेहूब नक्कल) मध्येच अडकेल. अशा वेळी क्लोनच्या मागं न लागता आधी कामाच्या फाइली उचला. दुसरी नेहमीची फसगत : ४८० जीबीची एसएसडी स्वस्त दिसते म्हणून आणली जाते. विंडोजच्या हिशेबानं ती ४४७ जीबी भरते आणि तुमची ५०० ची डिस्क ४६५. क्लोन करणारं सॉफ्टवेअर 'जागा कमी' म्हणून नकार देतं. एक तर ५०० चीच आणा, नाहीतर आधी डिस्क मॅनेजमेंटमधून शेवटचं पार्टिशन २५ जीबीनं आखडून घ्या.

खरा धोका विंडोजपेक्षा त्या फॉन्टचा आहे. श्रीलिपीतला मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रं. फॉन्ट गेला की फाइलमध्ये नुसता कचरा दिसतो. डोंगल जिवंत आहे तोवर पुन्हा लागणारा मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवा. बदलल्यावर रफार आणि 'ऱ्या' नजरेखालून घालाच. 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' झालं तर स्वयंपाकाची सुपारी गुरुजींना जाते, आणि 'दऱ्या' चा 'दर्या' झाला तर सह्याद्रीत समुद्र येतो. स्पेलचेकरला हे कळत नाही, दोन्ही शब्द बरोबरच आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, तीही जोडाक्षरात घसरते. 'स्थिती', 'शक्तिपीठ' असे शब्द शोधून तपासा.

प्रश्न : क्वांटम संगणकामुळं बँकेचे पासवर्ड फुटणार का?
— निवृत्त बँक कर्मचारी, ताराबाई पार्क

उत्तर : आज नाही. गुगलच्या डिसेंबर २०२४ मधल्या विलो चिपमध्ये १०५ क्युबिट (क्वांटम संगणकाचे बिट) आहेत. वेबसाइटच्या कुलुपामागचं २०४८ बिटचं आरएसए हे सांकेतिक कूट फोडायला १० लाखांच्या आत क्युबिट पुरतील असा २०२५ मधला अंदाज आहे, आधीचा अंदाज २ कोटींचा होता. अंतर घटतंय, पण अजून बरंच आहे. शिवाय कुलूप बदलायचं कामही चालू आहे : अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्येच नवी मानकं जाहीर केली. तुमचा ओटीपी मात्र फोनवरून गोड बोलून मागणारा माणूस आजच फोडतो, त्याला एकही क्युबिट लागत नाही.

प्रश्न : फॅनुक झिरो-आय कंट्रोलच्या सीएनसीला (प्रोग्रामनुसार धातू कापणाऱ्या मशीनला) प्रोग्राम पाठवणारा विंडोज एक्सपीचा संगणक गेला. नव्या विंडोज ११ च्या संगणकाला सीरियल पोर्टच नाही. यूएसबीचा निळा कन्व्हर्टर आणला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येते. दुसरा आणला, तो लागला, पण मोठा प्रोग्राम मध्येच तुटतो आणि ८७ अलार्म येतो.
— वर्कशॉप, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : पहिल्या कन्व्हर्टरमध्ये पीएल-२३०३ ही चिप असणार, जुनी किंवा नकली. कंपनीचा नवा ड्रायव्हर अशा चिपला मुद्दाम नाकारतो. २००८ च्या सुमाराचा ड्रायव्हर टाकून चालतं, पण विंडोज अपडेट पुन्हा नवा आणून बसवतं. एफटीडीआय चिपचा घ्या, आणि डेस्कटॉप असेल तर सरळ पीसीआय एक्स्प्रेसचं सीरियल कार्ड बसवा.

घेतलेला कन्व्हर्टर मशीनला लावण्याआधी टेबलावर तपासा. ९ पिनच्या टोकाला २ आणि ३ नंबरच्या पिना कागदाच्या क्लिपनं जोडा, टर्मिनल प्रोग्राम उघडून काहीही टाइप करा. टाइप केलेलं तसंच परत उमटलं तर कन्व्हर्टर ठीक, दोष केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये.

केबल स्वतः बनवत असाल तर एक गोष्ट डोक्यात ठेवा : संगणकाकडं ९ पिना, मशीनकडं २५. इथं २ ला २ आणि ३ ला ३ जातात, कारण दोन्ही टोकांना त्यांचे अर्थ आधीच उलटे आहेत. सवयीनं उलटसुलट जोडलं की काहीच पोचत नाही. संगणकाकडची ५ ही मशीनच्या ७ ला. मग मशीनकडं ४-५ एकत्र आणि ६-८-२० एकत्र. संगणकाकडं ७-८ एकत्र आणि १-४-६ एकत्र. मशीनच्या २५ नंबरच्या पिनवर २४ व्होल्ट असतात, तिला हात लावू नका. केबल लावताना-काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. दोघांचं अर्थिंग वेगवेगळं असेल तर पोर्ट जळायला क्षण पुरतो.

सेटिंग दोन्हीकडं सारखं हवं : ४८०० बॉड (पाठवण्याचा वेग), ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ ('थांब' आणि 'चालू कर' हे इशारे). चॅनल शून्यला मशीनच्या पॅरामीटर (सेटिंग) १०३ मध्ये १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००. प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याची खूण हवीच. ८५ अलार्म आला तर वेग किंवा पॅरिटी जुळत नाही. ८६ म्हणजे समोरचं यंत्र तयार असल्याचा सिग्नल नाही, म्हणजे ६-८-२० ची जोडणी सुटली.

तुमचा ८७ वेगळा आहे. मशीन 'थांब' म्हणतं, पण यूएसबी कन्व्हर्टरच्या पोटात आधीच भरलेली अक्षरं पुढं जातच राहतात. दहाएक अक्षरांपर्यंत मशीन सोसतं, त्यापुढं अलार्म देतं. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये फिफो बफर असेल तर पाठवण्याचा बफर सर्वांत कमी करा, बॉड ४८०० वरच ठेवा आणि पॉवर ऑप्शन्समधून यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

स्क्रीनच्या कडेला मेमरी कार्डचा स्लॉट असेल तर ही सगळी उठाठेव वाचते. २ जीबीपर्यंतचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अडॅप्टरमध्ये घाला, फॅट पद्धतीनं फॉरमॅट करा, फाइलचं नाव ८ अक्षरांच्या आत ठेवा आणि पॅरामीटर २० मध्ये ४ भरा. त्याच कार्डावर आज सगळे पॅरामीटर आणि प्रोग्राम उतरवून घ्या. ते मशीनमध्ये बॅटरीवर टिकून असतात; ती बॅटरी बदलायची ती मशीनचा पुरवठा चालू असतानाच.