दुकानातील काटा बल मोजतो, मग आकडा किलोग्रॅममध्ये का दाखवतो?

आपला प्रश्न असा आहे की, दहावीच्या पुस्तकात वजनाचे एकक न्यूटन दिलेले असताना किराणा दुकानातील काटा किलोग्रॅम दाखवतो, तेव्हा तो वजन मोजतो की वस्तुमान, आणि तोच काटा दुसऱ्या शहरात नेला तर आकडा बदलेल का. प्रयोगशाळेतील तराजूंशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे उत्तर काट्याच्या बाजूने देतो. इलेक्ट्रॉनिक काटा मोजतो ते वजन, म्हणजे बल. दाखवतो ते वस्तुमान. आणि एकावरून दुसरे काढण्याचा हिशेब त्याला आधी कोणीतरी शिकवून ठेवलेला असतो. शहर बदलले की आकडाही बदलतो, फक्त किराणा दुकानात तो फरक सहसा नजरेस पडत नाही.

व्याख्या आपल्या पुस्तकात आहेतच, म्हणून त्या लवकर आटोपतो. वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्याचा संचय. वस्तूला हलवायला किंवा थांबवायला किती जड जाईल हे त्यावर ठरते आणि ते कुठेही नेले तरी तेवढेच राहते. त्याचे एकक किलोग्रॅम, आणि सोयीप्रमाणे मिलिग्रॅम, ग्रॅम, क्विंटल किंवा टन. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने स्वतःकडे ओढते ते बल, म्हणजेच वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण. एक किलोग्रॅम वस्तुमानात १ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण निर्माण करणारे बल म्हणजे एक न्यूटन. १०० ग्रॅमची साबणाची वडी तळहातावर ठेवली तर तळहातावर पडणारा भार जवळजवळ १ न्यूटन असतो.

आता काट्याच्या आत काय घडते ते पाहू. ताटलीखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याला लोड सेल म्हणतात. ताटलीवर साखर ठेवली की हा ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, त्याला चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो आणि तो बदल मोजून काटा आकडा तयार करतो. ठोकळ्याला कळते ते केवळ त्याला खाली दाबणारे बल. साखर किती आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून काटा वापरात आणण्यापूर्वी त्यावर प्रमाणित वजन ठेवून ‘एवढा वाकलास की एक किलोग्रॅम म्हण’ असे त्याला ठरवून द्यावे लागते. हे ठरवताना त्या जागेचे गुरुत्व त्वरण नकळत हिशेबात शिरते, आणि काटा जागेवरून हलला की तो हिशेब चुकू लागतो.

किती चुकतो? गुरुत्व त्वरण मुंबईत सुमारे ९.७८६, दिल्लीत ९.७९१ आणि लंडनमध्ये ९.८१२ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली असल्यामुळे आणि स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तिथे ओढ कमी (९.७८०) आणि ध्रुवांवर जास्त (९.८३२) असते. दिल्लीत बसवून दिलेला काटा तसाच मुंबईत आणला, तर खरोखरच्या एक किलोग्रॅमला तो अर्धा ग्रॅम कमी दाखवेल. पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यांनी आकडा दाखवणाऱ्या किराणा काट्यावर हा फरक दिसणारही नाही. पण सराफाच्या काट्यावर १०० ग्रॅम सोन्यामागे तो ५० मिलिग्रॅमच्या घरात जातो, आणि लंडनमध्ये बसवलेला काटा असेल तर पाव ग्रॅमच्या वर जातो. त्यात सोने मोडायला आलेल्याचे नुकसान आणि विकत घेणाऱ्याचा फायदा होतो. काटा जिथे वापरायचा त्याच जागी प्रमाणित वजनांशी ताडून घ्यावा, असा आग्रह धरण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आमच्याकडील विश्लेषणाचे तराजू तर याहूनही चोखंदळ असतात. तराजू एका मजल्यावरून वरच्या मजल्यावर नेला, म्हणजे अवघा तीन मीटर वर चढवला, तरी २०० ग्रॅममागे सुमारे ०.२ मिलिग्रॅमचा फरक पडतो, आणि दशांश चिन्हानंतर चार स्थळे दाखवणाऱ्या तराजूवर तो शेवटच्या अंकात उमटतो. म्हणून तराजू हलवला की आधी तो सपाट बसला आहे की नाही हे दाखवणारा हवेचा बुडबुडा मध्यावर आणायचा, काचेची दारे लावायची, यंत्र तापून स्थिर होऊ द्यायचे आणि चिमट्याने २०० ग्रॅमचे प्रमाणित वजन ठेवून तराजूला पुन्हा शिकवायचे. त्या वजनाला बोट लावायचे नाही, कारण बोटाचा तेलकटपणाही मोजला जातो.

जुना दोन पारड्यांचा तराजू या बाबतीत अधिक सरळ आहे. त्याच्या दोन्ही पारड्यांवर गुरुत्व सारखेच काम करत असल्यामुळे ते हिशेबातून निघून जाते आणि तुलना वस्तुमानांचीच होते. चंद्रावरही तो तेच उत्तर देईल, तर स्प्रिंगच्या ताणावरून बल मोजणारा ताणकाटा तिथे साधारण एक षष्ठांश आकडा दाखवेल. (काटेकोरपणे पाहिले तर पारड्यांचा तराजूही पूर्ण निर्दोष नाही. हवा प्रत्येक वस्तूला थोडे वर उचलते, आणि त्यामुळे लोखंडी वजनांशी तोललेल्या एक लिटर पाण्यात साधारण एक ग्रॅमची तूट दिसते. बाजारात याचा विचार कोणी करत नाही आणि करूही नये.)

एककांचा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि वजन ही बलाच्या जातीची राशी आहे, हे वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला १९०१ मध्ये ठरावाने स्पष्ट करावे लागले. त्याच वेळी ९.८०६६५ हे गुरुत्व त्वरणाचे प्रमाण मूल्य ठरले, आणि तेवढ्या न्यूटनला ‘किलोग्रॅम-बल’ म्हणण्याची पद्धत अभियांत्रिकीत पुढेही बराच काळ टिकली. टायरमधील हवेचा दाब किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये सांगणारे मीटर त्याच वंशातले. खुद्द किलोग्रॅम १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावर आधारलेला होता, ज्याची ५७ क्रमांकाची प्रत भारताकडे आहे. २० मे २०१९ पासून तो प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे भौतिकशास्त्रातील एका कधीही न बदलणाऱ्या मूल्यावरून ठरवला जातो.

परीक्षेत वजन विचारले तर उत्तर न्यूटनमध्येच लिहावे. ६० किलोग्रॅमच्या माणसाचे वजन सुमारे ५८८ न्यूटन. बाजारात मात्र ‘दोन किलो वजन’ म्हणणाऱ्याला टोकू नये, कारण त्याला हवे असते ते वस्तुमान आणि काटाही त्याला तेच सांगतो.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो अंतराळ स्थानकात. तिथे गुरुत्वाकर्षण जवळजवळ ८९ टक्के शिल्लक असते, पण स्थानक आणि माणूस दोघेही एकत्र पडत असल्यामुळे काट्यावर उभे राहून उपयोग होत नाही. म्हणून तिथे अंतराळवीराला स्प्रिंग बसवलेल्या आसनाबरोबर मागेपुढे झुलवतात आणि एका झोक्याला लागणारा वेळ मोजतात. वस्तुमान जास्त असेल तर झोका संथ होतो, आणि त्या सूत्रात गुरुत्व त्वरण कुठेच येत नाही.